कोकणच्या उन्हाळ्यासाठी शाळांचे वेगळे वेळापत्रक हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदा, म्हणजे २०२५ साली, पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानुसार ८ ते २५ एप्रिल या काळात झाल्या आणि १ मे रोजी निकाल लागले. परीक्षा लवकर उरकल्या की उरलेला एप्रिल वर्ग ओस पडतात आणि शिकवण्याचे दिवस वाया जातात, ते टळावे, असे या निर्णयाचे कारण सांगण्यात आले. हे कारण खोटे आहे असे कोणीही म्हणणार नाही. मात्र राज्यातल्या सगळ्या कुटुंबांचा उन्हाळा एकाच प्रकारचा असतो असे धरून हे वेळापत्रक आखले गेले आहे आणि माझी हरकत तेवढ्याच गोष्टीला आहे. कोकणात एप्रिल आणि मे हे विश्रांतीचे महिने नसून वर्षभराच्या मिळकतीचे महिने आहेत, आणि ते कधी संपणार हे पाऊस ठरवतो. आमच्या घरातला यंदाचा उन्हाळा कसा गेला ते थोडक्यात लिहिते, कारण त्यावाचून माझी मागणी निव्वळ तक्रार वाटेल.

रत्नागिरीच्या दक्षिणेला, पावसच्या पुढे, मुचकुंदीच्या खाडीजवळ आमचे गाव आहे. घरची हापूसची कलमे, थोडी काजू, मागीलदारी रातांब्याची (कोकमाची) झाडे आणि खाली मळ्यात भातशेती असा आमचा पसारा. दिवाळीनंतर नेपाळी कामगार येतात, ते फवारणीपासून राखणीपर्यंत आणि पुढे तोडणी संपेपर्यंत बागेतच मुक्काम करतात. मार्चअखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत तोडणी ऐन भरात असते. फळ चौदा आणे तयार झाले की ते उतरवावेच लागते. दोन-चार दिवस पुढे ढकलले तर झाडावरच पिकू लागते, साक्याचे (आतल्या पांढऱ्या, निकामी गराचे) प्रमाण वाढते आणि पेटीचा भाव पडतो. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट आंबा काढायचा, चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही, सावलीत नेऊन डागी फळ बाजूला काढायचे, वजनाप्रमाणे प्रतवारी करायची, पेंढा घालून पेट्या भरायच्या आणि संध्याकाळचा टेम्पो गाठायचा, म्हणजे तो पहाटे वाशीच्या बाजारात पोहोचतो. यातले झाडावरचे काम कामगारांचे असले तरी खळ्यातले (अंगणातले) सगळे काम घरच्या माणसांचे आहे आणि ते मजुरी देऊन भागत नाही, कारण त्या दिवसांत गावातला प्रत्येक मोकळा हात दुसऱ्या कोणाच्या तरी खळ्यात गुंतलेला असतो.

आंब्याच्या बरोबरीने बायकांची कामे निघतात, त्यांची नोंद मात्र कोणत्याही हिशेबात होत नाही. रातांबे पिकले की ते फोडून बी काढायची, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, सुकल्या की पुन्हा रसाचे पूट द्यायचे, आणि हे अनेकदा केल्यावर आमसुले तयार होतात. आंबापोळीचेही तसेच आहे. ताटात रसाचा एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. फणसाचे गरे तळणे, काजूबी वाळवून पोत्यात भरणे, पावसाळ्याच्या बेगमीचा लाकूडफाटा आत घेणे, तरव्याच्या (भातरोपांच्या) जागेची भाजावळ, म्हणजे पालापाचोळा जाळून जमीन भाजणे, हे सगळे त्याच दिवसांत येते. या प्रत्येक कामाला कडक ऊन लागते. अक्षय्य तृतीयेच्या आसपासचे एक ऊन वाया गेले तर ते जूनमध्ये भरून काढता येत नाही, हे मुंबईत किंवा पुण्यात बसून वेळापत्रक करणाऱ्याला सांगावे लागते, कोकणात कोणाला सांगावे लागत नाही.

माझी मुलगी यंदा दहावीला होती. मंडळाची परीक्षा १७ मार्चला संपली आणि पुढचा सगळा हंगाम ती मोकळी होती. मुलगा आठवीत, त्याची परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालली. एकाच घरात ही दोन वेळापत्रके चालू असल्याने फरक डोळ्यांसमोर दिसला. मुलीने पेट्यांवरचे आकडे घालणे, टेम्पोवाल्याशी बोलणे, आमसुलांची राखण करणे हे सगळे निभावले. मुलाच्या बाबतीत सकाळी त्याचा डबा, एस.टी.ची वेळ, संध्याकाळी उद्याच्या पेपरची उजळणी, आणि मधल्या वेळात मी खळ्यात, अशी ओढाताण झाली. शिक्षकही इथलेच आहेत, त्यांच्याही बागा आहेत. त्यांचे काय झाले असेल ते त्यांनीच लिहावे.

इथे एक गैरसमज होऊ शकतो, म्हणून स्पष्ट करते. मुलांना बागेत कामाला जुंपण्यासाठी सुट्टी हवी, असे माझे म्हणणे नाही. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली सुधारणा झाली तेव्हाही शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या कामाला, तेही धोकादायक नसलेल्या, हात लावण्यास मुभा ठेवलेली आहे, आणि आम्ही त्याच मर्यादेत बोलतो आहोत. प्रश्न मुलाच्या कष्टांचा कमी आणि आईच्या वेळेचा अधिक आहे. शाळा चालू असलेल्या घरात बाई दोन ठिकाणी बांधलेली असते आणि हंगामाच्या दिवसांत ते परवडत नाही. कोकणातले लोक अभ्यासाला दुय्यम लेखतात असेही कोणी म्हणू नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे ज्यात येतात त्या कोकण विभागीय मंडळाचा यंदाचा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के आहे, तर राज्याचा ९४.१० टक्के.

आता प्रवासाविषयी. आमचे मोठे दीर मुंबईत नोकरीला होते, त्यांचा मुलगा, सून आणि चौथीतला नातू कांदिवलीला राहतात. पूर्वी परीक्षा एप्रिलच्या मध्याला संपत आणि विसाव्या तारखेच्या सुमारास जाऊबाई मुलांना घेऊन गावी येत, त्या थेट मृग लागेपर्यंत राहत. दीर आपली रजा मिळेल तशी मागाहून येत. ही नुसती पाहुण्यांची ये-जा नव्हती. ऐन तोडणीत चार-पाच माणसे घरात वाढत आणि खळ्यातले काम हलके होई. कोणाच्या घरी कोण कधी येणार हेही शाळांच्या परीक्षांप्रमाणे मागेपुढे होत असल्याने गाड्यांची गर्दी विभागली जाई. यंदा राज्यभराच्या शाळा एका दिवशी सुटल्या आणि एका दिवशी निकाल लागले, त्यामुळे मुंबई, ठाणे, पुणे इथले सगळे चाकरमानी एकाच आठवड्यात निघाले. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळे, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले आहे. म्हणजे १ मेचे तिकीट २ मार्चला खुले होते आणि त्या सकाळी ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यापुढे प्रतीक्षा यादी, दिव्याहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर किंवा मुंबई-गोवा महामार्ग हे तीनच पर्याय उरतात. पूर्वी ही पॅसेंजर दादरहून सुटत असे. कांदिवलीहून लहान मूल आणि सामान घेऊन दिव्याला जाऊन जागा पकडणे म्हणजे काय, ते अनुभवलेल्यांनाच ठाऊक. महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि ते अजून पुरे झालेले नाही, यावर आपल्या वृत्तपत्रात इतके छापून आले आहे की मी त्यात भर घालत नाही. पुतण्या, सून आणि नातू मेच्या पहिल्या आठवड्यात रात्रीच्या खासगी बसने आले. तोवर पहिल्या मोहोराचा आंबा बाजारात जाऊन विकलाही गेला होता.

मेच्या मध्याला नणंदेच्या मुलीचे लांज्याला लग्न होते. त्यात आमचे चार दिवस गेले, पण ते आनंदाचे होते आणि मुहूर्त कोणाच्याही वेळापत्रकावर नसतो, म्हणून त्याविषयी काही म्हणणे नाही.

त्यानंतर पाऊस आला. नेहमीच्या हिशेबाने मोसमी पाऊस केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोहोचतो. यंदा तो २४ मे रोजी केरळात आला आणि दोनच दिवसांनी, २६ मे रोजी मुंबईत. मुंबईत तो इतक्या लवकर येण्याची १९५० नंतरची ही पहिलीच वेळ, असे हवामान खात्याच्या नोंदींवरून प्रसिद्ध झाले. आमच्याकडे त्याच्याही आधी, विसाव्या तारखेच्या सुमारापासून वळवाची झोड सुरू झाली होती. झाडावर शेवटच्या मोहोराचा आंबा होता, त्याला फळमाशी लागली, डाग पडले आणि जो माल पेटीत जायचा तो कॅनिंगला (रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला) किलोवर द्यावा लागला. आमसुलांचे शेवटचे पूट राहिले ते राहिलेच. चुलीवरच्या माळ्यावर सुकवायचा प्रयत्न केला तर धुराचा वास लागला. रोहिणी नक्षत्रात धूळवाफेवर (कोरड्या मातीत) तरवा पेरायचा तर शेतात पाणी उभे आणि वापसा (पेरणीजोगी ओल) येईना. निकाल लागल्यापासून पावसापर्यंत जेमतेम तीन आठवडे मिळाले, आणि कोकणातल्या कुटुंबाला उन्हाळा म्हणून यंदा एवढाच एकत्र मिळाला. असे दर वर्षी होणार नाही हे खरे, परंतु अवकाळी पाऊस आता एखाद्या वर्षाची गोष्ट राहिलेला नाही, हे प्रत्येक बागायतदार जाणतो.

याच उन्हाळ्यात घरातली माणसेही आपापल्या जागा बदलत होती. मामंजींनी (सासऱ्यांनी) ऐंशी ओलांडली आहेत आणि त्यांना आता आकडे नीट दिसत नाहीत, म्हणून आढत्याकडच्या हिशेबाची वही त्यांनी यंदा माझ्याकडे दिली. यजमान बागेत आणि मी वहीवर, अशी वाटणी झाली. कोणत्या तारखेला किती पेट्या गेल्या, काय भाव लागला, हमाली-तोलाई-वाहतूक किती कापली गेली हे स्वतः लिहू लागल्यावर प्रथमच मला एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्याचे मोल कळले. घरातले हात कमी असतील तर त्याच पंधरवड्यात माल मागे राहतो. मोठे दीर ३१ मे रोजी निवृत्त झाले. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख १ जून लावून टाकली, अशा त्या पिढीतले तेही एक, त्यामुळे त्यांच्या कार्यालयात त्या एकाच संध्याकाळी कितीतरी निरोपसमारंभ झाले म्हणे. जूनमध्ये दीर आणि जाऊबाई सामान घेऊन कायमचे गावी आले. इतकी वर्षे मे महिन्यात आणि गणपतीत येणाऱ्या माणसांनी बाराही महिने एका घरात राहायचे, स्वयंपाकघर एक ठेवायचे की दोन, मुंबईत लोकलच्या वेळेवर जगलेल्या बाईने वीज गेल्यावर दुपार कशी काढायची, या गोष्टी सोप्या नाहीत, तरी दोघी जावा बोलून मार्ग काढतो आहोत. मुलीला अकरावीसाठी रत्नागिरीला ठेवायचे आहे. अकरावीचा प्रवेश यंदा प्रथमच सबंध राज्यात ऑनलाइन झाला, त्यामुळे १३ मे रोजी दहावीचा निकाल लागल्यापासून अर्ज, पसंतीक्रम आणि फेऱ्या यांत आम्ही आहोत, आणि खाडीकाठी मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी कातळावर जावे लागते, हे ओघात नमूद करते.

हे सगळे लिहिण्याचे कारण असे, की यातल्या कोणत्याच गोष्टीवर शासनाचा ताबा नाही. आंबा कधी पिकेल, पाऊस कधी येईल, माणूस कधी निवृत्त होईल हे शासन ठरवत नाही. परीक्षा कधी घ्यायच्या एवढे मात्र ठरवता येते. विदर्भात उन्हाळा कडक असतो म्हणून तिथल्या शाळा उशिरा उघडतात. यंदा राज्यातल्या इतर शाळा १६ जूनला आणि विदर्भातल्या २३ जूनला सुरू झाल्या. ही सवलत रास्त आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली कुटुंबे ऊसतोडीला जातात म्हणून तिथे मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालवली जातात, तेही योग्यच आहे. म्हणजे हवामान आणि उपजीविका पाहून शाळेची व्यवस्था बदलणे राज्याला नवे नाही. मग हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन देताना पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे एकत्र धरता येतात, तर त्या जिल्ह्यांचा उन्हाळा वेगळा आहे हे शिक्षणाच्या वेळापत्रकात का धरता येऊ नये?

माझी मागणी अशी आहे, की कोकण महसूल विभागात वार्षिक परीक्षा १२ एप्रिलच्या सुमारास संपवाव्यात आणि तेवढे दिवस शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडून भरून काढावेत. या विभागात मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हेही येतात, त्यामुळे बागायतदार आणि चाकरमानी या दोघांचा प्रश्न एकदमच सुटतो, आणि उर्वरित राज्याच्या सुट्टीशी तारखा न जुळल्याने गाड्यांवरचा भारही विभागला जातो. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवले आहेत. त्यांतला एकही कमी करावा असे मी म्हणत नाही. जूनमध्ये शाळा लवकर उघडल्याने कोकणात कोणाचे बिघडत नाही. आंबा संपलेला असतो, लावणी लागलेली नसते, आणि पाऊस लागला की मूल घरात बसूनच असते. शिवाय १५ जूनपासून कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू होऊन गाड्या सावकाश धावू लागतात, त्यामुळे मुंबईला परतणारी कुटुंबे त्याआधीच परतलेली बरी.

यावर एक आक्षेप येईल तो प्रश्नपत्रिकांचा. काही विषयांच्या प्रश्नपत्रिका राज्यस्तरावरून येतात, त्यामुळे एका विभागाची परीक्षा आधी घेतली तर पेपर बाहेर फुटेल, असे सांगितले जाते. अडचण खरी असली तरी न सुटणारी नाही. कोकणासाठी प्रश्नपत्रिकेचा दुसरा संच काढावा. ज्या राज्यात एवढ्या भाषांच्या माध्यमांतून प्रश्नपत्रिका छापल्या जातात, तिथे आणखी एक संच जड जाऊ नये. दुसरा आक्षेप असा, की परीक्षा लवकर झाली की पालक मुलांना शाळेत पाठवत नाहीत. तसे होतेच, आणि म्हणूनच परीक्षेनंतर शाळा चालू ठेवू नये, थेट सुट्टी द्यावी, असे मी म्हणते.

मुख्य म्हणजे यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची जी कर्तव्ये दिली आहेत त्यांत शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे हेही एक आहे. कोकणात गणपतीची सुट्टी देऊन ते दिवस दुसरीकडे जुळवून घेण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालू आहे आणि त्याने कोणाचे शैक्षणिक नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही. जे भाद्रपदात चालते ते चैत्र-वैशाखात चालायला हरकत नसावी. अडचण आहे ती वेगळीच. रत्नागिरीसह बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून या २०२५ सालापर्यंत तिथे प्रशासक आहेत. लोकांनी निवडून दिलेली शिक्षण समितीच अस्तित्वात नसल्याने हा ठराव मांडायचा कोणी आणि त्यावर चर्चा करायची कोणी, हा प्रश्न आहे. प्रशासकांना अधिकार आहेत, परंतु त्यांच्या खळ्यात आंबा पडलेला नसतो.

तोवर ग्रामसभा आहेत. आमच्या गावी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा असा अर्ज आम्ही काही जणींनी ग्रामसेवकांकडे दिला आहे. शाळा व्यवस्थापन समितीतही पालकांचे बहुमत असते, तिथेही तो मांडता येईल. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या इतर गावांनी याच ग्रामसभेत किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तसाच ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवावा, आणि पुढील वर्षाच्या परीक्षांच्या तारखा शासनाने दिवाळीच्या सुट्टीपूर्वी जाहीर कराव्यात, म्हणजे मुंबईतल्या माणसांना रजा आणि रेल्वेची तिकिटे यांचा मेळ घालता येईल. आपल्या वृत्तपत्राने या विषयावर शिक्षक, पालक आणि बागायतदार यांची मते मागवावीत, ही विनंती.

आपली,
एक बागायतदार गृहिणी,
ता. जि. रत्नागिरी